सल्ला हवा: तीन मिनिटांत पीएचडी सांगायची स्पर्धा

सळई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे थ्री मिनिट थीसिस, म्हणजे थ्रीएमटी, स्पर्धेची पहिली फेरी तोंडावर आली आहे आणि गाइडनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलंय. नियम वाचले: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, अ‍ॅनिमेशन नाही, आवाज किंवा व्हिडिओ नाही, हातात कुठलीही वस्तू नाही, कविता-गाणं-रॅप नाही. वेळ ओलांडली की थेट बाद. परीक्षक माझ्या विषयातले असतीलच असं नाही.

माझं काम काँक्रीटमधल्या सळईच्या गंजावर आहे. तडे दिसायच्या आधीच गंज ओळखता यावा म्हणून काँक्रीटमध्ये पुरून ठेवायच्या सेन्सरवर काम करतेय. मसुदा लिहिला तर तो साडेपाच मिनिटांचा झाला. सुरुवात अशी आहे:

"क्लोराइडप्रेरित गंजामुळे प्रबलित काँक्रीट संरचनांचा सेवाकाल लक्षणीय घटतो. प्रस्तुत संशोधनात अर्धघट विभव व ध्रुवीकरण रोध यांच्या मापनाद्वारे गंजाच्या प्रारंभिक अवस्थेचे निदान करण्याची पद्धत विकसित केली आहे."

यातलं काय कापू? पाठ करून बोलावं की मुद्दे लक्षात ठेवून? स्लाइडवर माझा मुख्य आलेख टाकू का? आणि एखादा विनोद असावा असं मैत्रीण म्हणतेय, तो कुठे घालायचा? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

उगाच_एक

शुभेच्छा! वाचनखूण साठवली आहे, पुढच्या वर्षी माझीच पाळी.

तिसरी_घंटा

मी दरवर्षी काही स्पर्धकांच्या तालमी घेतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी कापाकापी थांबवा. साडेपाचाचं तीन करायला गेलात की प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द उडवाल आणि शेवटी तारेचा मजकूर हातात राहील. तो तुम्ही धापा टाकत वाचाल. कोरा कागद घ्या. तुमच्या प्रबंधात मला तीन प्रश्न दिसतात: सळई गंजते का, तो गंज लवकर कळेल कसा, आणि कळल्यावर पूल किंवा इमारत आणखी किती वर्षं टिकेल ते सांगता येईल का. स्पर्धेत यातला एकच न्यायचा. तुमचं स्वतःचं काम दुसऱ्या प्रश्नावर आहे, तेव्हा तोच. पहिल्याला मोजकी चार वाक्यं, तिसऱ्याला शेवटी एक.

शब्दांचा हिशेब: सावकाश, श्वास घेत बोललात तर तीन मिनिटांत तीनशे-साडेतीनशे शब्द बसतात. मजकूर पावणेतीन मिनिटांचाच ठेवा. मंचावर माणूस एकतर घाईत सुटतो किंवा मध्येच अडतो, आणि लोक हसले तर ते हसूही तुमच्याच वेळेतून जातं. घड्याळ कधी सुरू होतं तेही बघून ठेवा. मूळ नियमांप्रमाणे तुम्ही बोलून किंवा हालचालीनं सादरीकरण सुरू केलंत की वेळ सुरू. म्हणजे तोंड उघडायच्या आधी नाट्यमय येरझाऱ्या घालणार असाल तर त्याही मोजल्या जातात.

पाठांतराबद्दल इथे मतं फुटतील. माझं मत ठाम आहे: शब्दन् शब्द पाठ करा, आणि मग इतकं मुरवा की पाठ केलंय हे कळू नये. मुद्दे लक्षात ठेवून बोलणारा पहिल्या मुद्द्यावर रेंगाळतो आणि निष्कर्षाला पंधरा सेकंद उरतात. परीक्षकांच्या निकषांत प्रत्येक भागाला पुरेसा वेळ दिला का, हेही असतं.

बाकी तुमचा पहिला परिच्छेद प्रबंधाच्या गोषवाऱ्यात शोभेल. मंचावर नको.

दफ्तरदार

पाठांतराबाबत असहमत. पाठ केलेल्या मजकुरात एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं, आणि डोळे छताला लागतात. मी फक्त पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पक्की ठेवली होती. मधला भाग रोज वेगळ्या माणसाला सांगायचे, रोज थोडा वेगळा व्हायचा, पण वेळेत बसायचा.

दुसरं म्हणजे अशा धाग्यांत सगळे सल्ले सेन्सर आणि पेशींनाच लागू पडणारे असतात. मी इतिहासाची. माझा प्रबंध जुन्या न्यायालयीन अर्जांवर. सुरुवातीला मीही कालखंड, साधनं, सैद्धांतिक चौकट असं सगळं मांडत होते. शेवटी एकच अर्ज घेतला. खाली अर्जदाराचा अंगठा, वर मजकूर मात्र अस्खलित कायदेशीर भाषेत. मग या कागदातून बोलतंय कोण? अर्जदार, की लिहून देणारा कारकून? हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता आणि तो मांडायला तीस सेकंद पुरली. स्लाइडवर त्या अंगठ्याचा ठसा, बाकी काही नाही. मानव्यशाखावाल्यांनी "आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं" असं म्हणत मागे राहू नये.

पाटीपेन्सिल

सळईताई, मी शाळेत भाषा शिकवते, विज्ञानाशी माझा दहावीनंतर संबंध नाही. एक विचारू? सळई आत, काँक्रीट बाहेर. आतलं लोखंड गंजलं तर गंजू दे, बाहेरचं काँक्रीट का फुटतं? मला खरंच कळलं नाही.

सळई

अहो, सोपं आहे. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये पाणी असतं आणि ते प्रचंड अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या आसपास. त्यामुळे सळईवर आपोआप एक पातळ थर बसतो, काही नॅनोमीटरचा, आणि तो आहे तोवर सळई सुरक्षित. पण समुद्राकडचं किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ हळूहळू आत झिरपतं. त्यातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की तो थर फोडतं आणि गंज सुरू होतो. आता गंमत अशी की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. आत तर जागाच नाही. मग तो आतून रेटत राहतो. काँक्रीट दाब मस्त सोसतं, पण ताणाला अगदीच कच्चं, म्हणून तडकतं. म्हणजे तडा दिसतो तेव्हा आतला उद्योग कधीचाच सुरू झालेला असतो. आम्हाला तो तडा जायच्या आधी पकडायचाय.

पाटीपेन्सिल

आत्ता कळलं! आणि आता घराच्या खांबांकडे बघून धडकी भरतेय ती वेगळीच.

तिसरी_घंटा

सळई, वरचा तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून वेळ लावा. मिनिटभराचाही नाही, आणि भाषेच्या शिक्षिकेला समजला. पहिलं मिनिट तयार झालं की तुमचं. फक्त क्रम उलटा करा. शेवटची दोन वाक्यं पहिली आणा: "पुलाला तडा दिसतो तेव्हा आतली सळई कधीचीच गंजायला लागलेली असते. बाहेरून मात्र पूल ठणठणीत." मग मीठ, मग थर फुटणं, मग जागा अपुरी पडणं.

पीएच गाळा. "नॅनोमीटर" ठेवायचाच तर तो किती पातळ हे एका फटक्यात कळेल असं काहीतरी सोबत द्या, नाहीतर तोही गाळा. दुपटी-सहापटीचा आकडा मात्र सोडू नका, तडा का जातो ते सगळं त्या एका आकड्यात आहे.

मागचा_बाक

आकड्याबद्दल एक. "सहापट" ऐकायला भारी वाटतं म्हणून तेवढंच उचलू नका. श्रोत्यांत एक तरी रसायनवाला असतोच. "निदान दुप्पट" म्हणा, बरोबरही आहे आणि काम भागतं. विषय सोपा करताना उथळ तर झाला नाही ना, हे परीक्षक बघतात. निकष ढोबळमानानं दोन: आशय किती समजला आणि श्रोत्यांना किती धरून ठेवलं. दोन्हींना सारखंच वजन. निव्वळ स्टेज गाजवून भागत नाही.

अवांतर: ही स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठानं 2008 साली सुरू केली. तेव्हा त्या राज्यात भीषण दुष्काळ होता. पाणी वाचवायला लोकांना शॉवर आवरता घ्यायला सांगत आणि अनेकांच्या न्हाणीघरात तीन मिनिटांचं, अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ असे. त्यावरून तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलचे तेव्हाचे डीन अ‍ॅलन लॉसन यांना ही कल्पना सुचली. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायला नऊ तास लागतील, असा हिशेब ते लोक देतात. फ्रेंचमध्येही याच धर्तीची 180 सेकंदांची स्पर्धा आहे, क्यूबेकमध्ये 2012 ला सुरू झालेली.

सळई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल, तुमचे विशेष.

पहिलं मिनिट बसलं. अडचण दुसऱ्यात आहे. सेन्सर काय मोजतो ते सांगायचं तर हाफ-सेल पोटेन्शियल आलंच (मसुद्यातलं अर्धघट विभव, म्हणजे सळई आणि एका प्रमाणित इलेक्ट्रोडमधला व्होल्टेजचा फरक). उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली वाचन गेलं की गंजाची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त, हा आमच्या क्षेत्रातला नेहमीचा निकष. तो गाळला तर गाइड म्हणतील, शास्त्र कुठे गेलं? आणि आलेखाचं काय करू?

तिसरी_घंटा

उणे 350 ऐकल्यावर लोक "उणे म्हणजे?" यात अडकतील, आणि तोवर तुम्ही दोन वाक्यं पुढे गेलेल्या असाल. तुम्हाला सांगायचंय ते असं: सळई गंजताना तिच्यातून अगदी क्षीण वीज वाहते आणि तुमचा सेन्सर ती चाहूल घेतो. "गंज आवाज करत नाही, पण वीज खेळवतो" असं काहीतरी तुमच्या शब्दांत बसवा. शास्त्र त्यात आहेच. गाइडसाठी 350 प्रबंधात ठेवा. पण तुमच्या पद्धतीनं गंज आधीच्या पद्धतींपेक्षा किती लवकर कळला, तो तुमचा स्वतःचा निष्कर्ष स्पष्ट सांगा. पुष्कळ जण प्रस्तावनेतच इतके रमतात की स्वतः काय केलं ते सांगायचं राहून जातं.

आलेख नको. अक्ष वाचायला लावलेत की कान बंद होतात. लॅबमध्ये आडवा कापलेला नमुना असेल ना? करडं काँक्रीट, मध्ये सळईचं वर्तुळ, भोवती तांबूस गंज, तिथून पृष्ठभागाकडे निघालेली केसाएवढी भेग. तो फोटो स्लाइडभर लावा. भेग पृष्ठभागापर्यंत पोचलेली नसेल तर सोन्याहून पिवळं, कारण तुमचं सगळं म्हणणंच ते आहे. मजकूर शून्य. चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे तसंच राहणार असतं, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवायचा क्षण एकच ठेवा, आणि तो ठरवून.

दफ्तरदार

तिसरी_घंटा, तुमच्याशी पाठांतरावर भांडण कायम, पण फोटोला +१.

विनोदाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: मुद्दाम पेरलेला विनोद पडला तर तीन मिनिटांत सावरायला वेळ नसतो. विषयातच काही गमतीशीर असेल तर ते सरळ चेहऱ्यानं सांगायचं. "आत तर जागाच नाही" हे तुमचं वाक्य तसं आहे. त्यानंतर क्षणभर थांबा, लोक हसतील.

सळई

तसा नमुना आहे! भेग कडेपासून बोटभर अलीकडे थांबलेली आहे. आजच फोटो काढते. उद्या शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गात जाऊन एकदा बोलून बघणार आहे.

एक शेवटची शंका. बोलताना हात कुठे ठेवू? क्लिकर धरला तर हातांना काहीतरी आधार मिळेल असं वाटतंय.

मागचा_बाक

क्लिकर? एकच स्लाइड आहे हो, पुढे काय सरकवणार? चुकून बटण दाबलंत तर पडदा काळा व्हायचा. हात मोकळे सोडा. आणि माइक कॉलरचा मिळेल की हातातला, ते आयोजकांना आजच विचारा. हातातला असेल तर घरी लाटणं धरून तालीम करा, एका हाताने बोलायची सवय व्हायला हवी.