चाक स्वतः काढावे, टायर यंत्रावर बदलून घ्यावा
मोटारसायकलचा झिजलेला टायर घरी बदलावा की दुकानात, यावर या चर्चेत सगळे काम घरीच करावे आणि सगळे दुकानातच करून घ्यावे, अशी दोन टोकांची मते आली आहेत. मला मधला मार्ग अधिक योग्य वाटतो. ट्यूब असलेल्या, आऱ्यांच्या चाकाचे काम टायर लिव्हर (टायरची कडा रिमवरून उचलण्याची चपटी पट्टी) वापरून घरी जमते, मात्र एका बाजूची कडा उचलताना समोरची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली नाही, तर कितीही जोर लावला तरी टायर हलत नाही आणि ट्यूब चिमटते. ट्यूबलेस टायरची कडा रिमला इतकी घट्ट बसलेली असते, की ती सोडवताना अलॉय रिमला इजा होऊन तेथूनच हवा गळू शकते. अशा वेळी चाक स्वतः काढून दुकानात न्यावे. बॅलन्सिंगही, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे समतोल करण्याचे कामही, तेथेच होते.

चाक परत घेताना चाक फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या टायरवरील बाणाची दिशा आणि चार आकडी निर्मितिसंकेत (2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा) अवश्य पाहावा. चाक बसवल्यावर चेनचा ताण तपासावा, अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळावा, आणि डिस्क ब्रेक असल्यास गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावा, कारण डिस्कला दाबणारे पॅड मागे सरकलेले असतील तर पहिला ब्रेक लागतच नाही.