रत्नागिरी-राजापुरात शाळकरी मुलांसाठी समुपदेशक सुचवा

जैतापूरची_आई: मुलगा नववीत. दिवाळीपासून रोज एसटीच्या वेळेला पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. डबा तसाच परत येतो. सोनोग्राफीत काही निघालं नाही. वहीची मागची पानं फाडलेली सापडली. रत्नागिरीच्या पुढे जाणं जमणार नाही, एका वेळेला ५०० च्या वर झेपणार नाही. कुणाकडे नेऊ?

दापोलीकर: आम्ही लेकीला दादरला नेत होतो. एका वेळेचे २०००, पण पोरगी सावरली. पैशाकडे बघू नका ताई.

आंबेवाला: आधी मोबाईल काढून घ्या. माझ्या पुतण्याचं तेच झालं.

जैतापूरची_आई: त्याच्याकडे मोबाईल नाहीच हो.

आंबेवाला: मग मित्राचा बघत असेल.

निवृत्त_गुरुजी: ३१ वर्षं हायस्कुलात शिकवलं. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, त्यामुळे नववीपासूनच पोरांना टक्क्यांवरून बोलतात. मीही बोललो, आता फार वाईट वाटतं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा. मुख्याध्यापकांना लेखी विचारा.

लांज्याची: लेखी विचारून काय होणार? आमच्याकडे चित्रकलेच्या सरांनाच समुपदेशक केलं. माझा मुलगा त्यांच्याशी जे बोलला ते मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालं. शाळेत अजिबात बोलू नका.

आरोग्यसेविका: १४४१६ लावा, टेली-मानस. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि पोट खरंच दुखतं त्याचं, नाटक नाही. मनावरचा ताण मुलांच्या असा पोटात उतरतो. ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणू नका.

खाडीपलीकडचा: रत्नागिरीला नेलं म्हटलं की गावात मनोरुग्णालयच धरतात. भावाचं जमलेलं लग्न त्यापायी मोडलं. त्यापेक्षा दादर बरं.

आरोग्यसेविका: मनोरुग्णालय वेगळं, जिल्हा रुग्णालय वेगळं. लोक काय म्हणतील म्हणून पोराला किती दिवस कुढत ठेवायचं?

दापोलीकर: दादरचा पत्ता देऊ का?

जैतापूरची_आई: काल १४४१६ ला बोलले. त्या बाईंनी सांगितलं, प्रश्न विचारू नका, नुसत्या जवळ बसा. रात्री अंधारात तोच म्हणाला, डबा उघडला की तिघं नाक धरतात, सुकटाचा वास येतो म्हणून. वहीतही त्यांनीच घाण लिहिलेलं. मी रोज हौसेने सुकट देत होते.
दादर नको, रत्नागिरीही आत्ता नको. मुख्याध्यापकांना अर्जही देत नाही. लांज्याच्या ताई, तुमचं पटतं, तरी मी वर्गशिक्षिकेला भेटणार. तो म्हणाला, बाईंना सांग, पण वर्गात नको. सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांना स्टँडवर गाठते.