फिलिपिनो चित्रपटांची चार सत्रं: कोणते दाखवावेत, प्रत कोणती, मराठी सबटायटल कशी करावीत?

शनिवारचा_पडदा
नमस्कार मंडळी. पुण्यात, एरंडवण्यात ६० खुर्च्यांचं सभागृह चार शनिवारांसाठी मिळालं आहे. प्रेक्षक बहुतेक पन्नाशीपुढचे. जपान, इराण, बंगाल सगळं पाहिलेलं, पण फिलिपिन्सचा एकही चित्रपट नाही. कोणते चार, कोणत्या क्रमाने? प्रत कशी तपासायची? इंग्रजी सबटायटल भराभर वाचणं अनेकांना जड जातं, म्हणून मराठीत करायची आहेत. ती इंग्रजीवरून केली तर चालतील का?

रिळातला_माणूस
सुरुवातीपासून क्रमाने दाखवायला जाऊ नका, कारण सुरुवात हाती उरलेलीच नाही. होसे नेपोमुसेनो यांचा १९१९ चा ‘दालागांग बुकिद’ हा तिथला पहिला देशी कथापट. तो सार्सुवेला या संगीत नाटकाच्या प्रकारातून आला. मूकपट असूनही खेळाच्या वेळी नायिका आतांग दे ला रामा स्वतः हजर राहून गायच्या. संगीत रंगभूमीच्या या शहरात त्याचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. पण चित्रपट हरवला आहे. चटकन पेटणारी नायट्रेटची फिल्म, दमट हवा आणि १९४५ ची मनिलाची लढाई यांतून युद्धापूर्वीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. पाच मिनिटांच्या प्रास्ताविकात एवढं सांगा आणि थेट १९७५ वर या.

पहिला शनिवार: लिनो ब्रोका यांचा ‘मायनिला सा मङा कुको नांग लिवानाग’, म्हणजे ‘मनिला, प्रकाशाच्या नख्यांत’. खेड्यातला हुलियो हरवलेल्या लिगायाला शोधत शहरात येतो आणि बांधकामावर मजुरी करतो. सव्वादोन तासांच्या आतला, बांधीव. छायाचित्रण माइक दे लिऑन यांचं. शहर जागं होतानाची सुरुवात कृष्णधवल आहे आणि रंग नंतर भरतो. प्रोजेक्टरवरच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो केबल हलवत बसेल.

दुसरा: ब्रोकांचाच ‘इन्सियांग’ (१९७६). १९७८ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात गेला. मनिलातल्या तोंडोच्या झोपडपट्टीतली आई, मुलगी आणि आईने घरात आणलेला पुरुष. पहिलंच दृश्य कत्तलखान्यातलं, डुकराच्या मानेत सुरी. पुढे बलात्कारही आहे. दोन्ही गोष्टी पत्रकात छापा, दारात तोंडी सांगून भागत नाही.

तिसरा: दे लिऑन यांचा ‘किसापमाता’ (१९८१), म्हणजे पापणी लवते न लवते तोच. निवृत्त पोलीस बाप लग्न झालेल्या मुलीला घराबाहेर जाऊ देत नाही. १९७२ पासूनच्या राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या लष्करी कायद्याची सावली इतक्या लहान घरात इतकी स्पष्ट मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. सेन्सॉर किती जागरूक होता हे कळायला एक उदाहरण पुरे: इश्माएल बर्नाल यांच्या ‘मनिला बाय नाइट’च्या नावातून आणि संवादांतूनही ‘मनिला’ शब्द काढायला लावला होता, शहराची बदनामी नको म्हणून. मग तो ‘सिटी आफ्टर डार्क’ झाला.

चौथा: बर्नाल यांचाच ‘हिमाला’ (१९८२). हिमालयाशी संबंध नाही, हिमाला म्हणजे चमत्कार. दुष्काळी गाव, ग्रहणाच्या वेळी एल्साला मरियमचं दर्शन, मग यात्रेकरूंची रीघ. नोरा आउनोर यांचा चेहरा जवळजवळ स्थिर राहतो आणि गर्दीच भूमिका करते. संतपट पाहत वाढलेल्या पुण्याच्या प्रेक्षकाला हा सगळ्यात जवळचा वाटेल, म्हणून शेवटी ठेवा. आधी दाखवलात तर पुढचे तिन्ही त्याच्याशी ताडून पाहिले जातील.

लेन्स_आणि_लाइट
प्रतीबद्दल. या चारही चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या डिजिटल प्रती आहेत, त्याच मागा. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतीत रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात, आणि ‘मायनिला’चा निम्मा जीव रात्रीत आहे. चित्रपटाच्या हक्कमालकाकडून प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्या. विकत घेतलेल्या डिस्कबरोबर ती येत नाही.

ब्लू-रे असेल तर रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याची खूण, पाहा. अमेरिकेतली डिस्क बहुतेकदा ‘ए’, ब्रिटनमधली ‘बी’, आपल्याकडचे प्लेअर ‘सी’. दुसऱ्या रीजनची कुलूपबंद डिस्क लागतच नाही, आणि हे नेमकं खेळाच्या संध्याकाळी कळतं.

‘इन्सियांग’ जवळजवळ चौकोनी आहे, १.३७:१. सभागृहातले प्रोजेक्टर १६:९ वर ठेवलेले असतात आणि चित्र ताणून पडदा भरतात. माणसं बुटकी, तोंडं रुंद. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘अ‍ॅस्पेक्ट’ला ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. कुणी ‘पडदा भरा की’ म्हणालं तरी भरू नका, ती कोंडलेली चौकट हाच चित्रपट आहे.

सबटायटल मागेपुढे होत असतील तर आधी फरक मोजा. सुरुवातीला २ सेकंद आणि शेवटीही २ सेकंद असेल तर नुसतं सरकवा, व्हीएलसीमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळा. फरक वाढत जात असेल तर फाइल सेकंदाला २५ फ्रेमची आणि चित्रपट २४ चा, किंवा उलट. दोन तासांत ती चूक ५ मिनिटांवर जाते. तिथे सरकवून उपयोग नाही, फ्रेमरेट बदलून वेळा नव्याने काढाव्या लागतात.

शनिवारचा_पडदा
फार उपयोग झाला. इंग्रजीवरून मराठी करण्याचं कुणी सांगेल का? आणि लांबलचक चित्रपट करणारे तिथलेच दिग्दर्शक लाव दियास यांचा एखादा घ्यावा का?

शब्दांची_पेटी
इंग्रजी फाइल आधाराला घ्या, पण कान टागालोगकडे, म्हणजे या चित्रपटांच्या मूळ भाषेकडे ठेवा. इंग्रजीत जे गळतं त्यातलं पुष्कळ मराठीत जसंच्या तसं बसतं.

त्यांच्याकडे ‘तायो’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण, ‘कामी’ म्हणजे त्याला वगळून आम्ही. ‘आलिस ना तायो’ : चला, निघू या. ‘आआलिस ना कामी’ : येतो आम्ही. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘वी’. शब्द ऐकू आला की निवड आपोआप होते.

‘का’ किंवा ‘इकाव’ म्हणजे तू. ‘कायो’ म्हणजे अनेक जण, किंवा एकच पण मानाने, आपल्या ‘तुम्ही’सारखं. वाक्यात ‘पो’, होकारात ‘ओपो’ आलं की बोलणारा आदर दाखवतो आहे. इंग्रजीत नुसतं ‘यस’ उरतं, तुम्ही ‘हो’ला ‘अहो’ची जोड द्या. ‘कुया’ दादा, ‘आते’ ताई. ‘इन्सियांग’मधल्या आईला, ‘आलिंग तोन्या’ला, शेजारणी हाक मारतात तेव्हा ‘तोन्याबाई’ किंवा ‘तोन्याकाकू’ करा, नुसतं नाव ठेवू नका.

उलटी अडचण लिंगाची. ‘सिया’ म्हणजे तो किंवा ती, आणि क्रियापदावरूनही कळत नाही. चित्र न पाहता फाइलवरूनच भाषांतर केलं की बाईच्या तोंडी ‘मी जातो’ येतं. मशीनवर टाकलेल्या सबटायटलमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त, म्हणून शेवटची तपासणी चित्र चालू ठेवूनच करा.

एका वेळी दोनच ओळी, कमीत कमी १ सेकंद, जास्तीत जास्त ६. सॉफ्टवेअर काना-मात्रा वेगळी अक्षरं म्हणून मोजतं, त्यामुळे त्याच्या ‘ओळ लांब आहे’ या इशाऱ्यावर विसंबू नका, पडद्यावर वाचून पाहा. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच जतन करा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं उमटतील. जोडाक्षरं फुटत असतील तर प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट निवडा.

आणि प्रेक्षकांना आधी सांगा: गुरो, मुखा, आसा, दुखा हे शब्द कानावर पडतील. गुरू, मुख, आशा, दुःख. संस्कृतातूनच तिकडे गेलेले आहेत.

रिळातला_माणूस
लाव दियास या चारांत नको. ‘आंग बाबाएंग हुमायो’ला २०१६ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. लांबी पावणेचार तास, कृष्णधवल, स्थिर आणि लांबलचक दृश्यं. दाखवायचाच तर वेगळा रविवार घ्या आणि दुपारी ३ ला सुरू करा. चहासाठी थांबायचं असेल तर जागा आधी पाहून ठरवा, दृश्याच्या मधे कापू नका. खुर्च्या प्लास्टिकच्या असतील तर गाद्या मागवा.