रस्ते आखायचे, झेंडे रोवायचे: हा जुना स्ट्रॅटेजी गेम कोणता?

धागाकर्ता:
लोकहो, एका गेमचं नाव काही केल्या आठवत नाहीये. नव्वदच्या दशकातला, डॉसवर चालणारा. कुणालाही विचारलं की 'एज ऑफ एम्पायर्स' म्हणून मोकळे होतात. तो नाही, शंभर टक्के नाही. त्यात माणूस निवडून कामाला लावता येतो. इथे एकाही माणसाला थेट हुकूम देता यायचा नाही. आपण फक्त घराची जागा ठरवायची आणि तिथपर्यंत रस्ता आखायचा.

रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर झेंडे असायचे आणि दोन झेंड्यांमध्ये एक हमाल. तो या झेंड्यापासचा ओंडका उचलून पुढच्या झेंड्यापाशी ठेवायचा, तिथून पुढचा हमाल न्यायचा. काम नसलं की गडी आपल्या तुकड्याच्या मधोमध उभा. एखाद्या चौकात मालाचा ढीग साचला की मागचं सगळं अडायचं. ते बघत बसण्यातच माझा वेळ जायचा, लढाईकडे फारसं लक्षच नसायचं.

आणखी एक आठवतं: डोंगरावर एक जण हातोडीने दगड ठोकत फिरायचा, काही सापडलं की आनंदाने उड्या मारायचा आणि पाटी रोवायचा. राज्य बहुतेक रोमन होतं. जाणकारांनी मदत करा, फार मनापासून विचारतोय.

प्रतिसाद १:
'नाइट्स अँड मर्चंट्स' (१९९८) बघा. त्यातही हमाल माल वाहतात, आणि भूक लागली की लोक खानावळीत जातात.

धागाकर्ता:
आत्ताच व्हिडिओ पाहिला. छान आहे, पण हा नव्हे. यात झेंडे नाहीत, आणि सैनिक रांगा करून लढतात. माझ्या गेममध्ये इमारतीसमोर दोघंच लढायचे, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबायचे.

प्रतिसाद २:
मग प्रश्नच मिटला. ब्लू बाइट या जर्मन कंपनीचा 'द सेटलर्स २', साल १९९६. वादळात सापडून एका बेटावर अडकलेल्या रोमनांची मोहीम आहे. डोंगरावरचा तो भूगर्भतज्ज्ञ. कोळसा, लोखंड, सोनं, दगड, जे सापडेल त्याची पाटी लावतो.

ढिगाचं कारण सांगतो. एका झेंड्यापाशी आठच नग मावतात आणि हमाल एका वेळी एकच नग नेतो. खाणीला मासे, मांस किंवा पाव लागतो. तो चौकात अडकला की कोळसा थांबतो, कोळसा थांबला की लोखंड वितळत नाही, मग तलवार नाही आणि ढाल नाही. नवा सैनिक तयार व्हायला तलवार, ढाल आणि बिअर तिन्ही लागतात. म्हणजे लढाई हरण्याचं मूळ बऱ्याचदा पार मागे, कुठल्या तरी तुंबलेल्या रस्त्यावर असतं. तुम्ही रस्ते बघत बसायचात ते अगदी योग्य होतं!

प्रतिसाद ३:
एक खात्री करून घ्या. झेंडे १९९३ च्या पहिल्या भागातही होते. वर्दळीच्या रस्त्यावर हमालाच्या मदतीला गाढव यायचं का? आणि नुबियन, जपानी, वायकिंग लोक आठवतात का? तसं असेल तर तो 'सेटलर्स २'च. तिसरा (१९९८) तर नक्कीच नाही, त्यात रस्ते आखावेच लागत नाहीत.

धागाकर्ता:
गाढव! हो, हो, गाढव होतं! आणि शत्रूने चौकी घेतली की त्या हद्दीतली आपली घरं आपोआप पेटायची, तेही आत्ता आठवलं. दोघांचे किती आभार मानू. आता हा खेळायचा कसा?

प्रतिसाद २:
२००६ ला दहा वर्षांनिमित्त नव्या रूपात काढला होता. मूळचाच हवा असेल तर 'रिटर्न टू द रूट्स' हा चाहत्यांनी बनवलेला प्रोग्राम वापरा, त्याला जुन्या गेमच्या फाइल्स लागतात. त्या नसतील तर 'वाइडलँड्स' घ्या. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि याच गेमवरून स्फूर्ती घेऊन बनवलाय. सुरुवातीलाच झेंडे बसतील तितके जवळजवळ रोवा. तुकडे आखूड झाले की हमाल वाढतात आणि माल तुंबत नाही. लाकूडतोड्याशेजारी झाडं लावणारा वनरक्षकही लगेच बसवा, फळ्या संपल्या तर पुढचं काहीच बांधता येत नाही.