फ्लामेंको गिटारला ‘हार्ड टेन्शन’च हवं, हा हट्ट कशासाठी?

सूरसागरकर
बडोद्यात फ्लामेंको, म्हणजे स्पेनचं ते जोशपूर्ण संगीत, वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि तेवढ्यांतही तारांवरून दोन तट. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: फ्लामेंको म्हणजे जोरकस हात, तेव्हा हार्ड टेन्शनच्या, म्हणजे जास्त ताणाच्या, तारा घ्या. मला हे अजिबात पटत नाही.

सायप्रसच्या लाकडाची फ्लामेंको गिटार मुळात हलकी. पाठ आणि बाजू पातळ, आवाज चटकन उसळतो नि चटकन विरतो. त्यासाठीच तर ती घ्यायची. तिच्यावर जास्त ताण चढवला की आवाज मोठा होण्याऐवजी आवळल्यासारखा होतो, असं माझ्या कानाचं मत. डाव्या हाताचं लिगादो, म्हणजे उजव्या हाताने न छेडता काढलेले स्वर, नॉर्मल टेन्शनवर अलगद निघतात. हार्डवर बोटं दमतात.

शिवाय इतिहास बघा. फ्लामेंकोचा नामवंत गिटारवादक रामोन मोंतोयाने 1936 मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गिटारला नायलॉन नव्हतंच, आतड्याची तात होती. नायलॉन आलं 1940 च्या दशकात, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनच्या खटपटीतून आणि क्लासिकल गिटारवादक सेगोव्हियाच्या पाठिंब्याने. मोंतोयाचं वादन कुणाला मिळमिळीत वाटतं का?

पिकादो_भक्त
काका, मोंतोयाला मध्ये कशाला ओढता? तात म्हणजे कमी ताण, हे कुठून काढलंत? तात नायलॉनपेक्षा थोडी जडच असते. तारेची जाडी, लांबी आणि सूर कळल्याशिवाय ताण सांगता येत नाही. हा पुरावा बाद.

आता कामाचं बोलू. फ्लामेंको गिटारची ॲक्शन, म्हणजे तारांची दांड्यापासूनची उंची, कमी असते. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पट्टीवर) सहावी तार क्लासिकलला साधारण 4 मिलिमीटर वर, फ्लामेंकोला अडीच ते 3. म्हणजे तारेला हलायला जागाच कमी. त्याच जोराने छेडलं तर सैल तार जास्त झोल खाते, कडक तार कमी. खाली ॲक्शन, वर सैल तार आणि त्यात रासगेआदोचा, म्हणजे बोटं एकामागून एक तारांवर झटकण्याचा, मारा, की फ्रेटवर नुसता खडखडाट. पिकादोत, म्हणजे दोन बोटांनी आलटून पालटून वेगात स्वर काढताना, बोट तार ओलांडून पुढच्या तारेवर टेकतं, तेव्हा मागची तार जागेवर आलेली हवी. सैल तार अजून डोलत असते आणि पुढचं बोट तिच्यावर चुकीच्या वेळी पडतं. अल्सापुआत, म्हणजे अंगठ्याने खाली-वर छेडताना, अंगठ्याचंही तेच. घरी सोफ्यावर बसून हळू वाजवणाऱ्याला हे जाणवणार नाही. वेग वाढवा, मग बोलू.

जवारीवाला
मी सतारीकडून या बाजूला आलो, म्हणून एक शंका. तो थोडा खडखडाट या बाजात चालतोच ना? किंबहुना हवा असतो. आपण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, लावायला तासन्‌तास घोडी घासतो, दोरा सरकवतो, आणि इथे तारेने जरा तोंड उघडलं की दोष? क्लासिकल गिटारवाले असल्या आवाजाला नाक मुरडतात, फ्लामेंकोवाले नाही.

पिकादो_भक्त
चालतो, पण माझ्या मर्जीने. जोर दिला तर वाजावा, हलक्या हाताला वाजू नये. जवारी प्रत्येक स्वरावर सारखी असते. इथे एका फ्रेटवर खरखर आणि शेजारच्यावर साफ, याला जवारी म्हणत नाहीत, सेटिंग बिघडलं म्हणतात.

मांडवीकर
दोघेही टेन्शनवर भांडताय आणि हवेबद्दल कुणी बोलत नाही. हे काही स्पेनमधलं सेव्हिया नाही. मे महिन्यात बडोद्याची कोरडी भट्टी, पुढे जुलैत भिंतींना ओल. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, वरची फळी किंचित खाली बसते, ॲक्शन उतरते, तारा खडखडतात. पावसाळ्यात फळी फुगते, ॲक्शन चढते, खडखडाट गायब आणि बोटं दुखायला लागतात. लोक मे महिन्यात घाबरून हार्ड सेट चढवतात आणि ऑगस्टमध्ये गिटार कडक झाली म्हणून रडतात. दोष तारांचा नसतोच.

आणि नायलॉन स्वतः ओलावा पितं. श्रावणात मैफल असली की अर्धा वेळ खुंट्या पिळण्यात. म्हणून माझं मत कार्बनला. मासेमारीच्या दोरीत जे फ्लुरोकार्बन वापरतात तेच हे, पाणी जवळजवळ शोषत नाही. नायलॉनपेक्षा दीडपटीहून जड, म्हणून त्याच सुराला त्याच ताणावर तार साधारण वीस टक्के बारीक लागते. तिसरी तार तर कार्बनचीच घ्या. नायलॉनची तिसरी असते एक मिलिमीटर जाड, आणि आवाज कसा, तर घसा बसल्यासारखा.

घुंगरू_आणि_गिटार
मांडवीकर, तिसऱ्या तारेबद्दल एकदम मान्य. पण पहिली आणि दुसरी कार्बनची लावली की माझ्या नखांची वाट लागते आणि आवाज काचेसारखा टोचतो. मी वर दोन नायलॉन, तिसरी कार्बन अशी मिसळ लावते.

मूळ वादात मी हार्डच्या बाजूने, पण कारण वेगळं. मी नाचाबरोबर वाजवते, कथक करणाऱ्या मैत्रिणींबरोबर सुद्धा. पायाचा ठेका किंवा घुंगरू सुरू झाले की गिटारचे खालचे सूर त्यात बुडतात. तेव्हा मी हात आवरू शकत नाही, मारावंच लागतं. नॉर्मल टेन्शनच्या चौथ्या-पाचव्या तारा तेवढ्या माराला सूर सोडतात, आघाताला सूर वर चढतो आणि मग खाली येतो. सूरसागरकर, तुम्ही बहुतेक एकटेच वाजवता ना?

नवा_भिडू
मध्येच विचारतो, माफ करा. रावपुऱ्यातल्या दुकानात फक्त स्टीलच्या तारा मिळाल्या. त्या लावल्या तर चालतील?

मांडवीकर
नाही नाही नाही. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण 40 किलोच्या आसपास, स्टीलच्या साध्या लाइट सेटचा 70 च्या वर. ब्रिज उखडून हातात येईल. ऑनलाइन मागव आणि चार दिवस थांब.

सूरसागरकर
ताई, हो, एकटाच वाजवतो. पण माझा मुद्दा त्याने पडत नाही.

मोंतोयाचा दाखला मागे घेतो, पिकादो_भक्त म्हणतात ते बरोबर. आता दुसरा हिशोब बघा. एकाच कंपनीच्या नॉर्मल आणि हार्ड सेटमध्ये तारेमागे फरक असतो पाव किलोच्या आसपास. वर एका कंपनीचं हार्ड ते दुसरीचं नॉर्मल, कारण या शब्दांना ठरलेलं मापच नाही. आता हीच गिटार अर्ध्या सुराने खाली लावा. ताण अकरा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे नॉर्मल-हार्डच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. मग पहिल्या फ्रेटवर सेहिया, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, लावा, सूर परत जागेवर. हार्डचा सेट घेऊन असं केलंत, तर हातात नॉर्मलपेक्षाही कमी ताण! गायकाबरोबर तसाही सेहिया दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर असतोच. मग पाकिटावरच्या शब्दावर एवढी निष्ठा का?

पिकादो_भक्त
म्हणजे तुम्हीच कबूल करताय की पाकिटावरचा शब्द फसवा आहे. मग धाग्याचं शीर्षकच फसवं झालं की!

पण गंमत सोडा. सेहिया लावला की तारेची लांबी कमी होते, तेवढ्याच ताणाला ती हाताखाली कडक लागते. ॲक्शनही खाली येते. तुमचा अकरा टक्क्यांचा फायदा कागदावर पूर्ण, हातात कमी. आणि ज्यांच्याकडे 660 मिलिमीटरची जुन्या मापाची गिटार आहे त्यांना 650 वाल्यांपेक्षा त्याच तारांवर तीन टक्के जास्त ताण मिळतो. त्यांनी नॉर्मल लावावं, माझी ना नाही. माझी 650 ची आहे. मी हार्डच लावणार.

जवारीवाला
मला तर वाटतं दोघांच्या गिटारींची सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, वेगळ्या उंचीची आहेत आणि भांडण तारांच्या नावाने चाललंय. सतारीत असं झालं की आधी घोडी बघतात, मग तार. कुणी मोजलंय का?

घुंगरू_आणि_गिटार
मी मोजलंय. सहाव्या तारेखाली 2.8. कार्डाचे तुकडे रचून नव्हे, मोजपट्टीने.

सूरसागरकर
माझं 3.2 निघालं. आत्ताच बघितलं.

पिकादो_भक्त
काका!! 3.2 वर नॉर्मल टेन्शन कुणालाही गोड लागेल. ही तर जवळजवळ क्लासिकलची ॲक्शन झाली. तीन दशांश खाली आणा, तोच सेट ठेवा, आणि बुलेरिया, फ्लामेंकोचा तो वेगवान प्रकार, पूर्ण लयीत वाजवून दाखवा.

सूरसागरकर
आणतो. पण पावसाळा संपल्यावर, फळी जागेवर आल्यावर. आत्ता घासलं तर मे महिन्यात खडखडाट होईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, नॉर्मल टेन्शन!

मांडवीकर
नवरात्र होऊ द्या, गरब्याच्या आवाजात तसंही कुणाला काही ऐकू येणार नाही. नंतर दांडियाबाजारात माझ्याकडे बसू. दोन्ही गिटारी आणा, नवे सेट आठवडाभर आधी चढवा म्हणजे ताणून स्थिर होतील. ऐकणाऱ्यांनी पाठ करून बसायचं.

पिकादो_भक्त
येतो. मोजपट्टी ताईंची.