संस्थेची दुसरी फळी कशी उभी करावी?

नाशिकरोडचा विश्वस्त:
आमचा सार्वजनिक न्यास नाशिक जिल्ह्यातील पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो आणि वसतिगृहांच्या धान्याचा काही खर्च उचलतो. देणगीदार टिकून आहेत. अडचण माणसांची आहे. बहुतेक विश्वस्तांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि तरुण मंडळी वह्यावाटपाला उत्साहाने येत असली तरी नोकरी लागली की पुण्याला जातात. काही सदस्यांच्या मते देणगीचा पैसा लाभार्थ्यांवरच खर्च व्हावा, कार्यकर्ते घडवण्यावर नव्हे. शिवाय त्याच तालुक्यांत काम करणाऱ्या इतर संस्थांशी आमचा काहीही संपर्क नाही. नवे नेतृत्व तयार करण्याचा आणि इतरांच्या सोबतीने काम करण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

अंबडचा निवृत्त अभियंता:
पुण्यावर खापर फोडण्याआधी आपण तरुणांना कोणते काम देतो ते पाहावे. सतरंज्या घालणे आणि छायाचित्रे काढणे एवढेच वाट्याला आले तर कोणीही दोन वर्षांत कंटाळेल. शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी, घरभेटी आणि निवड हे सारे त्यांच्याकडे सोपवावे. त्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढावी, आणि ज्येष्ठांनी शेजारी बसावे, पण विचारल्याशिवाय बोलू नये. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड आहे.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेल्या, सामाजिक कामासाठी तरुण घडवणाऱ्या ‘निर्माण’ उपक्रमातील तरुणांनी गडचिरोलीतच राहावे अशी अट नसते. ते जिथे जातील तिथे काम करतात. आपला कार्यकर्ता उद्या दुसऱ्या संस्थेत गेला, तर तो खर्च वाया गेला असे मानू नये.

एक कागदोपत्री बाब. नवा विश्वस्त नेमल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. हे राहून गेले की तरुणाचे नाव फक्त ठरावात राहते आणि बँकेत सह्या जुन्यांच्याच चालतात.

सुरगाण्याची शिक्षिका:
वरील मताशी मी अर्धीच सहमत आहे. छाननी तरुणांकडे द्यावी हे खरे, पण ते तरुण नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवरूनच का यावेत? आमच्याकडे भात आणि नागलीचा हंगाम संपला की, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, आणि कित्येकदा मुलेही सोबत जातात. कोणत्या पाड्यावरचे कोणते घर कधी बंद होणार हे तिथल्याच बारावी किंवा पदवी झालेल्या मुलाला ठाऊक असते. शहरातून आलेल्या समितीला ते जानेवारीत, कुलूप पाहून कळते.

मात्र हा मुलगा विनामूल्य सेवा करू शकत नाही, कारण तेवढ्या दिवसांची त्याची मजुरी बुडते. त्याला मानधन आणि एस.टी.चे भाडे देणे हा माझ्या मते लाभार्थ्यांवरचाच खर्च आहे. मार्गदर्शनाचे म्हणाल, तर आश्रमशाळेत तासभर व्याख्यान देऊन शाल-श्रीफळ घेऊन परतणारे पाहुणे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्याऐवजी महिन्यातून एकदा त्या मुलासोबत बसून जमाखर्च लिहायला, पंचायत समितीत अर्ज करायला आणि नकार आल्यावर पुन्हा जायला कोणी शिकवले, तर तीन-चार वर्षांत तो स्वतः बैठक चालवू लागेल.

कॉलेज रोडचा लेखापाल:
सहकार्याची सुरुवात पैशांनी करू नये. आधी संस्थांनी पालकांच्या संमतीने विद्यार्थ्यांची सामाईक यादी करावी, म्हणजे एकाच मुलाला तीन शिष्यवृत्त्या आणि शेजारच्याला एकही नाही, हा प्रकार थांबेल. त्यानंतर एक हिशेबनीस दोन-तीन संस्थांनी मिळून ठेवावा.

निधी एकमेकांना देताना मात्र जपून. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम आयकरासाठी उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरली जाते, आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास २०२० पासून मनाई आहे. म्हणून प्रत्येकीने आपला वाटा थेट खर्च करावा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कंपन्यांकडून सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, निधी हवा असेल, तर एप्रिल २०२१ पासून संस्थेने ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. पण केवळ धनादेश मागू नये. त्यांच्या लेखा आणि मनुष्यबळ विभागातील अनुभवी माणसांचा महिन्याकाठी थोडा वेळ मिळाला, तर वर शिक्षिकांनी सांगितलेले काम करायला माणूस मिळेल.

नाशिकरोडचा विश्वस्त:
सर्वांचे आभार. मानधनाचा आणि स्थानिक छाननी समितीचा विषय पुढील बैठकीत मांडतो. आमच्या न्यासपत्रानुसार निवडीला अंतिम मंजुरी विश्वस्तांनीच द्यायची असते. अशा वेळी समितीच्या निर्णयाला वजन कसे राहील?

अंबडचा निवृत्त अभियंता:
मंजुरी तुमचीच राहू द्या. फक्त असा ठराव करा की एखादे नाव मान्य नसल्यास कारण लेखी नोंदवून यादी समितीकडे परत पाठवली जाईल, आणि विश्वस्त परस्पर नवे नाव घालणार नाहीत.