सांबारातला कांदा आणि रानकांदा

कांद्याबद्दल दोन दावे ऐकू येतात: सांबारात घालतात तो छोटा कांदा म्हणजे ॲलियम (कांदा-लसणाची प्रजाती) ॲस्कॅलोनिकम ही वेगळी जात, आणि आपला रानकांदा हा कांद्याचा मूळ पूर्वज. दोन्ही पटले नाहीत.

ॲस्कॅलोनिकम हे नाव लिनियसचंच, म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञाचं. पण त्याच्या संग्रहातला त्या नावाचा नमुना निघाला पश्चिम आशियातल्या एका रानटी जातीचा! त्यामुळे शॅलट (ज्याला हे नाव लावायचे तो छोटा कांदा) आता ॲलियम सेपामध्येच, म्हणजे नेहमीच्या कांद्याच्या जातीतच, ॲग्रिगेटम गटात धरतात. सांबाराचा कांदाही तिथलाच. एका गड्ड्यापासून गड्ड्यांचा झुबका होतो, एवढाच काय तो मोठा फरक; नेहमीच्या कांद्याशी त्याचा संकर सहज होतो आणि संकराला बीही धरतं. बियाण्यांच्या पाकिटांवर मात्र जुनं नाव अजून दिसतं. (फ्रान्समधला करडा शॅलट वेगळा, तो ॲलियम ओशानिनाय.)

रानकांदा, म्हणजे कोळकांदा, हा ड्रिमिया इंडिका. तो ॲलियम नाहीच. त्याचं कूळही वेगळं, शतावरीचं. कांद्याला २००९ च्या एपीजी (डीएनएवर आधारलेल्या, सपुष्प वनस्पतींच्या) वर्गीकरणात ॲमेरिलिडेसी कुळात नेलं, म्हणजे आपल्या नागदवण्याच्या घरात. कांद्याचा सगळ्यात जवळचा रानटी नातलग ॲलियम वाविलोवाय, तुर्कमेनिस्तान-इराणच्या डोंगरांतला.

आणि कोळकांदा 'कांदाच तो' म्हणून कुणी चाखून बघू नका. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. कांद्यासारखा वास येत नाही, तिथेच ओळख पटते.